जोखीम एकाची, डाव दुसऱ्याचा

लातूर किंवा वाशीम जिल्ह्यातील शेतकरी जून महिन्यात सोयाबीन पेरतो, तेव्हा त्याच्या मनात दोन चिंता असतात. पाऊस दगा देईल ही पहिली. पाऊस चांगला झाला तर पीक सगळीकडेच उदंड येईल आणि भाव कोसळेल, ही दुसरी. पहिल्या चिंतेवर २०१६ पासून पंतप्रधान पीक विमा योजनेचा, तिच्या सर्व त्रुटींसह का होईना, काही आधार आहे. दुसऱ्या चिंतेवर मात्र हमीभावाच्या घोषणेखेरीज त्याच्या हाती फारसे काही पडलेले नाही, आणि घोषणा म्हणजे खरेदी नव्हे. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. ऐन काढणीच्या दिवसांत बाजार समित्यांमधील भाव त्याच्या बराच खाली रेंगाळत होता.

याच महाराष्ट्रातील एखाद्या जिल्ह्याच्या गावी पंचविशीतला एक पदवीधर तरुण हातातल्या भ्रमणध्वनीवर ‘निफ्टी’चे साप्ताहिक ऑप्शन घेतो आणि विकतो. त्याच्याकडे शेअर नाहीत, माल नाही, निर्यातीचे येणे नाही, म्हणजेच झाकण्याजोगी कोणतीही जोखीम नाही. जी जोखीम त्याच्या आयुष्यात नव्हती, ती तो दर आठवड्याला पैसे देऊन विकत घेतो. ज्या साधनाचा जन्म पहिल्याच्या चिंतेतून झाला, ते साधन आज प्रामुख्याने दुसऱ्याच्या हातात आहे. इतकेच नव्हे, तर २० डिसेंबर २०२१ रोजी भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाने, म्हणजे ‘सेबी’ने, सोयाबीन, हरभरा, मूग, गहू, बासमतीखेरीज अन्य भात, मोहरी व कच्चे पामतेल या सात वस्तूंचे वायदे स्थगित केले. एका वर्षासाठी म्हणून आलेली ही स्थगिती मुदतवाढी घेत घेत मार्च २०२६ पर्यंत ताणली गेली. त्याच काळात शेअर बाजारातील वायदे आणि विकल्पांचा व्यवहार जगात अग्रस्थानी पोहोचला. ज्याच्या घरात आग लागू शकते त्याला पाण्याची बादली नाकारायची आणि रस्त्यावर खेळणाऱ्यांना पाण्याचे फुगे मुक्तहस्ते वाटायचे, असा हा उफराटा न्याय आहे.

वायदेबाजार हा शब्द उच्चारताच राष्ट्रीय विचारांच्या अनेक घरांत कपाळाला आठी पडते. हे सारे पाश्चात्त्य भांडवलशाहीचे अपत्य आहे, असा एक सरसकट समज आहे. तो अर्धसत्य आहे. जपानात ओसाका येथील दोजिमा बाजारात तांदळाच्या वायद्यांना राजमान्यता मिळाली ती १७३० मध्ये. शिकागोचा प्रसिद्ध बाजार त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १८४८ मध्ये उभा राहिला. मुंबईत कापसाच्या तेजी-मंदीचे सौदे पिढ्यान् पिढ्या चालत आणि १८७५ मध्ये मुंबईत कापूस व्यापाऱ्यांची संघटना स्थापन झाली, तिच्या छत्राखाली वायदे नियमबद्ध झाले. पुढे येणाऱ्या मालाचा भाव आज ठरवून घेण्याची गरज ही शेती आणि व्यापार करणाऱ्या प्रत्येक समाजाची गरज आहे. तिला स्वदेशी-विदेशीचे लेबल लावून प्रश्न सुटत नाही.

त्या साधनाचे दुसरे रूपही मुंबईनेच सर्वांआधी पाहिले. अमेरिकेतील यादवीमुळे तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि १८६१ नंतर मुंबईत सोन्याचा पूर आला. कापसातून आलेला पैसा कंपन्यांच्या शेअरमध्ये शिरला, आणि समुद्र हटवून जमीन करणाऱ्या ‘बॅकबे’ कंपनीच्या पाच हजारांच्या शेअरवर पन्नास हजारांपर्यंत अधिमूल्य बोलले जाऊ लागले. यांतील कितीतरी सौदे रोखीचे नव्हते. १ जुलै १८६५ ही तारीख गाठून केलेले ते मुदतीचे सौदे होते. एप्रिलमध्ये अमेरिकेतील युद्ध संपले, कापूस कोसळला आणि ती तारीख उगवली तेव्हा देणेकरी मोजण्यात अर्थ उरला नव्हता. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखा सम्राट धुळीला मिळाला. ज्या बँक ऑफ बॉम्बेने या सट्ट्याला पैसा पुरवला ती बँकही पुढे गुंडाळावी लागली. त्या वायद्यांच्या मागे ना कापसाची गासडी होती, ना देणाऱ्याची ऐपत. नेमका हाच फरक आजही निर्णायक आहे, म्हणून या साधनांची रचना थोडी तपशिलाने समजून घेणे आवश्यक ठरते.

समजा, एका शेतकऱ्याला शंभर क्विंटल सोयाबीन होण्याची अपेक्षा आहे आणि ऑक्टोबरचा वायदा आज पाच हजारांवर आहे. त्याने तो वायदा विकला. ऑक्टोबरात भाव चार हजारांवर आला, तर मंडईत त्याला क्विंटलमागे एक हजार कमी मिळतील, पण वायद्यात तेवढेच मिळतील. त्याचा भाव पाच हजारांवर बांधला गेला. यालाच बाजाराच्या भाषेत ‘हेजिंग’ म्हणतात. पुस्तकात हे गणित इथे संपते. शेतकऱ्याच्या घरात ते इथे सुरू होते. ऑगस्टमध्येच भाव सहा हजारांवर गेला तर? शेवटी हिशेब बरोबरच जुळणार आहे, कारण त्याचा मालही महाग विकला जाईल. परंतु माल अजून शेतात उभा आहे आणि वायद्याचा तोटा मात्र रोजच्या रोज रोखीने भरायचा आहे. शंभर क्विंटलचे एक लाख रुपये तो ऑगस्टमध्ये कोठून आणणार? ते भरता आले नाहीत की दलाल सौदा मोडून टाकतो आणि संरक्षण नेमके हवे तेव्हा नाहीसे होते. जर्मनीतील ‘मेटालगेझेलशाफ्ट’ या अवाढव्य उद्योगसमूहाची १९९३ मध्ये तेलाच्या वायद्यांत नेमकी अशीच कोंडी झाली होती आणि त्याचे नुकसान अब्ज डॉलरच्या पलीकडे गेले. जे त्याला पेलले नाही, ते पाच एकरांच्या मालकाला पेलावे ही अपेक्षाच चूक आहे. शिवाय वायद्याचा भाव इंदूरसारख्या आधारकेंद्राचा असतो आणि माल विकायचा असतो गावाजवळच्या मंडईत. या दोहोंमधील अंतर नेहमी सारखे राहत नाही.

म्हणून लहान शेतकऱ्यासाठी वायद्यापेक्षा विकल्प, म्हणजे ऑप्शन, अधिक सुरक्षित. त्यातला ‘पुट’ हा प्रकार विम्यासारखा आहे. क्विंटलमागे ठरावीक हप्ता एकदाच भरायचा आणि पाच हजारांना विकण्याचा अधिकार मिळवायचा. भाव पडला तर अधिकार वापरायचा, चढला तर तो सोडून देऊन चढ्या भावाने माल विकायचा. गेला तर हप्ता गेला. मधल्या काळात कोणी पैशासाठी दारात उभे राहत नाही. मौज अशी की शेतकऱ्याला उपयुक्त ठरणारे हेच साधन आपल्याकडे सर्वाधिक काळ बंदिस्त राहिले. कापसातील तेजी-मंदीचे सौदे मुंबई प्रांतात १९३९ मध्ये निषिद्ध झाले, १९५२ च्या वायदे करार कायद्याने सर्वच वस्तूंमधील विकल्पांवर बंदी घातली आणि ती उठून सोन्याचे विकल्प २०१७ मध्ये व गवारीचे जानेवारी २०१८ मध्ये सुरू झाले. शेअर बाजारात मात्र निर्देशांकांचे वायदे जून २००० मध्ये व विकल्प त्याच्या पुढच्याच वर्षी आले होते. शेतमालाला जे साधन मिळायला २०१८ उजाडले, ते दलाल पथाला सतरा वर्षे आधी मिळाले. आणि शेतमालात ते रुजण्याआधीच २०२१ ची स्थगिती आली.

त्या स्थगितीमागचे कारण समजून घेतले पाहिजे, कारण ते मध्यमवर्गीय घराच्या स्वयंपाकघराशी निगडित आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेले होते. कोंबडीपालन करणाऱ्यांनी पेंड महागल्याची ओरड केली, जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची बारा लाख टन पेंड आयात करण्यास परवानगी मिळाली आणि नवा माल बाजारात येईपर्यंत भाव जवळपास निम्म्यावर आला. सरकारला खाद्यतेल आणि डाळींच्या महागाईची चिंता होती, आणि ती वाजवीच होती. परंतु वायदा बंद केला की महागाई थांबते काय? तुरीचे वायदे जानेवारी २००७ मध्ये बंद झाले. त्यानंतर आठ वर्षांनी, वायदा अस्तित्वातच नसताना, २०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली. डाळ महागली ती उत्पादन घटले म्हणून आणि आयातीचा निर्णय उशिरा झाला म्हणून. वायद्यांमुळे शेतमालाचे भाव वाढतात का, हे तपासण्यासाठी अभिजित सेन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीलाही २००८ च्या अहवालात तसा ठाम निष्कर्ष काढता आला नाही. तापमापक फोडल्याने ताप उतरत नाही, हे वैद्यकात सर्वांना पटते. अर्थकारणात मात्र प्रत्येक सरकारला तापमापक फोडण्याचा मोह होतो. या बाबतीत पक्षभेद नाही. २००७ चे सरकार वेगळे होते आणि २०२१ चे वेगळे.

आता नाण्याची दुसरी बाजू. ‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास प्रत्येक कुटुंबप्रमुखाने वाचावा असा आहे. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत शेअरच्या वायदे-विकल्पांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांनी पैसे गमावले. सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख, एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. सर्व खर्च वजा जाता एक लाखाहून अधिक नफा कमावणारे शंभरात एक. दलाली, कर आणि शुल्क यांपोटीच या लोकांनी तीन वर्षांत सुमारे पन्नास हजार कोटी मोजले. नंतरचे वर्ष, २०२४-२५, याहून वाईट निघाले: ९१ टक्के लोक तोट्यात आणि निव्वळ तोटा १,०५,६०३ कोटी रुपये.

हा पैसा हवेत विरला नाही. २०२३-२४ मध्ये व्यक्तिगत सौदेकऱ्यांनी, खर्च धरण्यापूर्वीच, सुमारे ६१ हजार कोटी गमावले. त्याच वर्षी स्वतःच्या भांडवलावर सौदे करणाऱ्या मोठ्या पेढ्यांनी सुमारे ३३ हजार कोटी आणि परकीय गुंतवणूक संस्थांनी सुमारे २८ हजार कोटी कमावले. बेरीज स्वतःच बोलते. परकीय संस्थांच्या या नफ्यातील ९७ टक्के नफा संगणकीय आज्ञावलीने आपोआप होणाऱ्या सौद्यांतून आला. एका बाजूला सेकंदाच्या सूक्ष्मांशात निर्णय घेणारे यंत्र आणि दुसऱ्या बाजूला चहाच्या टपरीवर उभे राहून बोट दाबणारा मुलगा, असा हा सामना. जुलै २०२५ मध्ये ‘सेबी’ने ‘जेन स्ट्रीट’ या अमेरिकी समूहाविरुद्ध अंतरिम आदेश काढून ४,८४३ कोटी रुपये रोखून धरले. सकाळी बँकांचे शेअर व वायदे मोठ्या प्रमाणावर खरेदी करून निर्देशांक वर ढकलायचा, त्याच वेळी विकल्पांत मंदीचे प्रचंड सौदे उभारायचे आणि नंतर खरेदी केलेले विकून टाकायचे, असा आरोप त्या आदेशात आहे. समूहाने तो अमान्य करून अपिलात धाव घेतली. न्यायनिवाडा काय व्हायचा तो होवो. परंतु स्वदेशीचा विचार करणाऱ्यांनी विदेशी शीतपेयांबरोबरच या पैशाच्या वाटेकडेही लक्ष द्यायला हवे.

या अभ्यासातील सर्वांत बोचरा भाग तोट्याचा आकडा नव्हे, तो गमावणाऱ्यांचा चेहरा आहे. तीनचतुर्थांशांहून अधिक लोकांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांहून कमी असल्याचे नोंदवले होते. सुमारे ७२ टक्के लोक पहिल्या तीस शहरांबाहेरचे. तिशीच्या आतल्यांचे प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. सलग दोन वर्षे तोटा होऊनही पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक लोक खेळत राहिले. हे गुंतवणुकीचे लक्षण नाही. ऋग्वेदातील अक्षसूक्तात जुगाऱ्याची जी दशा वर्णिली आहे, फाशांचा नाद सुटत नाही, घरची माणसे दुरावतात, रात्री दुसऱ्याच्या घराचा आसरा शोधावा लागतो, तिच्याहून आजचे चित्र फारसे निराळे नाही. त्या सूक्तात जुगाऱ्याला फासे टाकून शेती करण्याचा उपदेश आहे, हे या विषयाच्या संदर्भात विशेष अर्थपूर्ण वाटते.

गावोगावी निघालेले ‘ट्रेडिंग’चे वर्ग, समाजमाध्यमांवरील सल्लागार, नफ्याची चित्रे दाखवून शिष्य गोळा करणारे गुरू, यांनी या व्यसनाला व्यवसायाचे नाव दिले. मुलगा दिवसभर खोलीत संगणकासमोर असतो, म्हणजे काम करत असेल, असे आईला वाटते. वडिलांच्या निवृत्तीच्या रकमेतून घेतलेले ‘भांडवल’ संपल्यावर वैयक्तिक कर्जे निघतात, आणि घराला कळते तेव्हा वसुलीचे दूरध्वनी येऊ लागलेले असतात. कुटुंब प्रबोधनाच्या बैठकांत मोबाइलच्या अतिवापरावर चर्चा होते, भोजन एकत्र व्हावे यावर होते. त्या मोबाइलमधल्या डिमॅट खात्यावरही ती व्हायला हवी. अर्थाचा अभाव जसा माणसाला धर्मापासून ढळवतो, तसाच अर्थाचा प्रभावही ढळवतो, ही पं. दीनदयाळ उपाध्याय यांची मांडणी कार्यकर्त्यांना तोंडपाठ असते. या एका विषयात ती रोजच्या जेवणाच्या ताटापर्यंत येऊन पोहोचली आहे.

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. नोव्हेंबर २०२४ पासून ‘सेबी’ने सौद्याचे किमान मूल्य पंधरा लाख केले, दर आठवड्याला संपणाऱ्या सौद्यांची संख्या प्रत्येक बाजारात एका निर्देशांकापुरती मर्यादित केली आणि विकल्पाची पूर्ण किंमत आगाऊ वसूल करण्याचा नियम आणला. सौद्यांवरील कर ऑक्टोबर २०२४ पासून वाढवला गेला. मात्र कराचा उपाय दुधारी असतो. कौटिल्याने द्यूत एका जागी आणून, राजाधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवून, जिंकलेल्या रकमेवर पाच टक्के कर घेण्याची व्यवस्था सांगितली. तिचा सांगितलेला हेतू छुप्या मार्गाने जगणाऱ्यांचा शोध लागावा हा होता. हेतू विसरला आणि महसुलाची गोडी लागली, की राज्यच द्यूताचे भागीदार होते.

अधिक मूलगामी उत्तर रिझर्व्ह बँकेने दाखवून दिले आहे. चलनाच्या वायद्यांत उतरणाऱ्याकडे चलनाची खरी जोखीम असलीच पाहिजे, मग तिचा कागद मागितला जावो न जावो, असे तिने जानेवारी २०२४ मध्ये स्पष्ट केले आणि मे महिन्यापासून त्याची अंमलबजावणी झाली. बाजारांतील चलनाच्या सौद्यांची उलाढाल त्यानंतर कोसळली. ती किती अंशी सट्ट्याची होती हे त्यावरून कळले. रिझर्व्ह बँकेचा हा काटेकोरपणा अनुभवातून आला आहे. २००७ मध्ये रुपया वधारून डॉलर चाळिशीच्या खाली गेला, तेव्हा तिरुपूरसारख्या गावांतील निर्यातदारांना बँकांनी स्विस फ्रँक आणि येन यांच्याशी जोडलेली गुंतागुंतीची विकल्प-पॅकेजे विकली. येणे डॉलरचे आणि पैज फ्रँकवर! अनेक उद्योग त्यात पोळले, न्यायालयात गेले, आणि एप्रिल २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने एकोणीस बँकांना दंड केला. दंडाची एकत्रित रक्कम दोन कोटींनाही पोहोचली नाही, हा त्या कथेतील विनोदी भाग.

अर्थात, शेअर बाजारात हे तत्त्व जसेच्या तसे लावता येणार नाही. सट्टेबाज मुळीच नसेल तर शेतकऱ्याची जोखीम उचलणार कोण, हा अर्थशास्त्रज्ञांचा प्रश्न खरा आहे. पाच हजारांना विकण्याचा अधिकार शेतकऱ्याला हवा असेल, तर तो देण्याचे धाडस करणारा कोणीतरी लागतोच, आणि तो हप्त्याच्या लोभानेच पुढे येतो. परंतु जोखीम उचलण्यासाठी लागणारे भांडवल आणि ज्ञान ज्याच्याकडे आहे त्याने ती उचलावी. वार्षिक पाच लाखांत घर चालवणाऱ्याच्या मुलाने नव्हे. उत्पन्न आणि निव्वळ संपत्ती तपासल्याशिवाय विकल्पांचे खाते उघडू न देणे, आणि आठवड्याला संपणारे सौदे हळूहळू मासिक करणे, एवढे तरी कोणतीही नवी यंत्रणा न उभारता करता येण्याजोगे आहे.

शेतमालाच्या बाबतीत काम याच्या उलट दिशेचे आहे, आणि ते एकट्या दिल्लीत होणारे नाही. एकेक शेतकरी विकल्प घ्यायला जाणार नाही. ते शेतकरी उत्पादक कंपन्या आणि सहकारी संस्था यांचे काम आहे. अशा संस्थांमध्ये ग्रामविकासाच्या कार्यातील कितीतरी कार्यकर्ते आज पदांवर आहेत. त्यांनी संस्थेच्या नावाने केवळ ‘पुट’ घ्यावेत, वायदे उघडे विकू नयेत. सभासदांच्या अपेक्षित उत्पादनाच्या निम्म्याहून अधिक मालावर संरक्षण घेऊ नये, कारण पीक कमी आले तर उरलेला सौदा हाच सट्टा ठरतो. हप्त्याची मर्यादा वार्षिक सभेत ठराव करून आधीच बांधावी आणि सौद्यांचा तक्ता गोदामाच्या दारावर लावावा. हप्त्याचा काही भाग सरकारने पीक विम्याप्रमाणे उचलावा, ही मागणी किसान चळवळीने लावून धरण्यासारखी आहे. आणि स्थगिती घालताना ती किती काळ, कोणत्या भावपातळीवर, कोणत्या कारणासाठी, हे पेरणीच्या आधी जाहीर व्हावे. जूनमध्ये घेतलेले संरक्षण डिसेंबरात एका रात्रीच्या आदेशाने गोठणार असेल, तर पुढच्या जूनमध्ये त्या दारात कोणताही शेतकरी पुन्हा पाऊल ठेवणार नाही.